नग एक, जुने कपडे असल्याचे सांगतात

आमच्या घरी पाहुणा तीन दिवसांच्या वर राहिला की बाबा हात धुता धुता आईला हळूच म्हणत, "डेमरेज चढायला लागलं हो." आई तोंडाला पदर लावून आत पळायची आणि पाहुणा बिचारा दुसरी भाकरी कुस्करत बसायचा. मालगाडीचा डबा स्टेशनात आला की तो ठरल्या वेळात रिकामा करायचा असतो. नाही केला, तर तासातासाला दंड चढतो, त्याचं नाव डेमरेज. हे मला वयाच्या सातव्या वर्षी पाठ होतं. बाराखडी नंतर पक्की झाली असेल, डेमरेज आधी. बाबा लहान लाइनीवरच्या एका स्टेशनात मालबाबू होते. स्टेशनाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारंज्याच्या बाजूचं होतं एवढं पुरे. बाबांनी सबंध नोकरीत नियम एकदाच मोडला आणि तो तिथं मोडला. त्यांना जाऊन आता जमाना झाला, पण माझ्या हातून त्यांच्या नोकरीला बट्टा लागायला नको.

आमचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी, आणि पडवीची भिंत मालगुदामाला लागून. सकाळी डोळा उघडायचा तो मोठ्या काट्यावर वजनं आदळण्याच्या आवाजानं. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनातून कापसाच्या गाठींच्या बंड्या यायच्या. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या, गाडीवानांची भांडणं, हमालांचं एका सुरातलं ओरडणं, आणि या सगळ्यावर आमच्या त्या ठेंगण्या इंजिनाची शिटी. ते इंजिन इतकं सावकाश चालायचं की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. कापसाचा तंतू घरभर असायचा. दुधावर, पापडावर, देवांच्या अंगावर. आई दूध तीनदा गाळायची आणि तरी बाबांच्या मिशीला तंतू चिकटलेला असायचाच. अजूनही कुठं तुरीच्या सोल्यांची आमटी उकळताना वास आला, की मी नकळत वाटीत तंतू शोधते. सुना हसतात. हसोत.

बाबांना मालाच्या भाषेखेरीज दुसरी भाषा फारशी येत नव्हती, असं म्हटलं तरी चालेल. मी शेजारच्या लिंबावर चढले की ते खालून ओरडत, "कमल, ओनर्स रिस्क हं!" म्हणजे पडलीस तर रेल्वे जबाबदार नाही, मालकाचा माल मालकाच्या जोखमीवर. भाकऱ्या मोजायच्या त्या नगावर, "चार नग झाले, पाचवा नको." बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची रेल्वेची पावती, आणि बिल्टी ज्याच्या नावाची त्याचा माल, मग दारात राजा येऊन उभा राहिला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही, हे तर आमच्याकडे शुभंकरोतीच्या जोडीनं शिकवलं गेलं. मला सगळ्यात आवडायचं ते 'सेड टु कंटेन'. बंद पेटी आली की बाबू ती उघडून पाहत नाही. देणारा सांगतो ते लिहितो आणि पुढं लिहितो, अमुक असल्याचे सांगतात. आत खरोखर काय आहे याची हमी रेल्वेनं घेतलेली नसते. मी शाळेत निघाले की बाबा माझं दप्तर हातात तोलून म्हणत, "सेड टु कंटेन पुस्तकं." आत बहुतेक वेळा चिंचा असायच्या. बिल्टी वाचता यावी म्हणून त्यांनी मला गाठींवरच्या मार्क्यांवरून इंग्रजी अक्षरंही शिकवली होती. त्या शिकण्याचा पुढं असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नसणार.

मी दहा वर्षांची असताना आई बाळंतपणाला माहेरी, पाचोऱ्याकडे गेली. जाताना तिची निळी लोखंडी ट्रंक सुपडा हमालानं डोक्यावर घेऊन गाडीत ठेवली होती. सुपडा आमच्या स्टेशनातला सगळ्यात जुना हमाल, दोन मणांचं पोतं लीलया उचलणारा, पण त्या दिवशी आई म्हणाली, "सुपडाजी, जपून," तर अंडी नेल्यासारखी नेली त्यानं ती ट्रंक. झाकणावर आईनं स्वतः पांढऱ्या रंगानं कमळ काढलं होतं, माझ्या नावाचं. आई परत आली नाही. बाळही राहिलं नाही. बाबा जाऊन आले ते एकटेच आले, आणि आल्यावर अंघोळ करून सरळ गुदामात गेले, कारण दोन डबे रिकामे व्हायचे होते. मी काही दिवसांनी विचारलं, "आईची ट्रंक?" बाबा म्हणाले, "येईल." पुन्हा विचारलं, पुन्हा "येईल." मग मी विचारणं सोडून दिलं. लहान मुलांना वाटतं मोठी माणसं विसरली. मोठ्यांना वाटतं मुलं विसरली.

वर्ष उलटलं आणि आसेगावाकडची एक बाई बाबांची बायको म्हणून आमच्या घरी आली. नाव तुळसा. तिचं पहिलं लग्न लहानपणीच होऊन संपलं होतं, भावाकडे शेतात राबत होती, आणि मालबाबूला घर सांभाळायला माणूस पाहिजे होतं. लग्नात एवढंच होतं. शेजारणी तिला 'नवी' म्हणत. मी काहीच म्हणत नसे. मी तिच्याशी बोलायचे ते हाक न मारता, तिच्यासमोर जाऊन उभी राहून. दूर असेल तर भांडं वाजवायचे. आज लिहितानाही लाज वाटते. पण ती तांब्यावर पळी वाजली की ओट्यावरून वळून म्हणायची, "आली वं माय, आली," आणि त्यात राग नसायचा. आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

ती आली त्याच आठवड्यात बाबा जेवताना म्हणाले, "आज तीन वाघिणी आल्या. दोन उद्या रिकाम्या करू." आमच्याकडे मालडब्याला वाघीणच म्हणत. नवी हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली, पडवीचं दार लावलं, आडणा घातला आणि माझ्याजवळ येऊन मला आपल्या मागं ओढलं. "पोरगी घरात हाय अन तुमी जेवून काय राह्यले?" ती बाबांना म्हणाली. बाबांना आधी कळेना. कळलं तेव्हा ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि मी ताटावरून उठून गेले. तिनं वाघाच्या भीतीनं आधी मला मागं घेतलं होतं, ही गोष्ट मला फार वर्षांनी लक्षात आली.

पण बाई हुशार होती. अक्षराची ओळख नाही, तरी चार महिन्यांत बाबांची सगळी भाषा तिनं उचलली. "ह्या बिल्टीवर लाल शिक्का काहून हाय? टु पे म्हंजे भाडं घेनाऱ्यानं भरायचं काय? मंग देनाऱ्याची मजाच हाय की." बाबांना विचारणारं माणूस मिळालं. ते तिला सांगत बसत: आपल्या लहान डब्यातला माल मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीच्या डब्यात कसा पालटतात, त्या पालटण्यात नग कसे दबतात, दबलेला नग घेताना मालकानं खोलून देण्याचा हट्ट कसा धरावा, आणि एकदा 'माल बरोबर मिळाला' म्हणून सही केली की मग ब्रह्मदेव आला तरी तक्रार चालत नाही. ती कळण्याची भाकरी थापत ऐकायची. मी पलीकडे परवचा म्हणण्याचं सोंग करून ऐकायचे. ठेचा ती फार तिखट करायची, पण माझ्यासाठी बाजूला एक गोळी तेल घालून, दाण्याचं कूट घालून ठेवलेली असायची. मी ती खायचे आणि सांगायचे नाही. वाटी रिकामी झालेली ती पाहायची आणि तीही काही म्हणायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वरचे साहेब तपासणीला येणार म्हणून तार आली. बाबांचा काळा कोट बाहेर निघाला. नवीनं तो दांडीवर टाकून झटकला, बाह्या उलट्या केल्या, आणि आतल्या खिशात तिच्या हाताला कागद लागला. बिल्टी ती ओळखत होती. पण ही बिल्टी घडीघडीला झिजलेली होती, कापडासारखी मऊ झाली होती. ती घाबरली. कुणा व्यापाऱ्याची बिल्टी बाबू खिशात विसरला आणि उद्या साहेब आला तर? ती माझ्याकडे आली. "कमल, हे वाच ना जरा. कोनाची हाय? त्याइले बलावनं धाडू." बाबा गुदामात होते. मी घेतली आणि ऐटीत वाचायला लागले. पाठवणार: मामाचं नाव. स्टेशन: पाचोरा. नग: एक, ट्रंक लोखंडी. आत: जुने कपडे असल्याचे सांगतात. आणि माल घेणाराच्या जागी, इंग्रजी अक्षरांत, माझं नाव होतं. कुमारी कमल. बाबांचं नव्हे, माझं.

तारीख पाहिली. आई गेली त्यानंतर महिन्याभरातली. म्हणजे ट्रंक आली होती, केव्हाच आली होती, आणि मी रोज ज्या भिंतीला टेकून अभ्यास करत होते तिच्या पलीकडे होती. मला रडू आलं नाही. मला बाबांचा इतका राग आला की मी बिल्टी फाडायलाच निघाले होते. नवीनं माझी मनगटं धरली. "फाडू नोको. कागद फाटला तर माल जाईन. काय लिवलं हाय ते सांग मले." मी सांगितलं. सगळं सांगितलं, ट्रंकेचं, कमळाचं, "येईल"चं. वर्षभरात मी तिच्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. ती ऐकत राहिली, मग कोट नीट घडी घालून ठेवला आणि म्हणाली, "जेवाले येऊ दे त्याइले."

बाबा जेवायला बसले. तिनं ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि पाण्याच्या तांब्याखाली ती बिल्टी ठेवली. बाबांनी पाहिली. हात ताटातच राहिला. मी दाराशी उभी होते, ते माझ्याकडे पाहीनात. शेवटी ताटाकडे बघतच बोलले, ऑफिसातल्या आवाजात. मुदतीबाहेर पडलेला माल स्टेशनात ठेवता येत नाही. दर महिन्याला ते ट्रंक वहीत पुढं ओढत होते आणि जागेचं भाडं स्वतः भरत होते. उद्या साहेब गुदाम मोजणार. आज दिवेलागणीला वही बंद होईपर्यंत ट्रंक सुटली नाही, तर ती बेवारशी मालात लावावी लागेल, आणि बेवारशी माल मूर्तिजापूरला जातो, तिथून लिलावाला.

"मंग सोडवली काहून नाई?" नवीनं विचारलं.

"देणारा आणि घेणारा एकच हात चालत नाही. कन्साइनी, म्हणजे घेणारी, अज्ञान आहे, अठराच्या आतली, तिच्यासाठी पालकाची सही लागते. पालक मी, बाबू पण मी. दोन्हीकडे मीच सही कशी करू?"

"दुसऱ्या बाबूले एक दिस बसवता आलं असतं."

बाबांनी ताट थोडं दूर सारलं. मग जे बोलले ते ऑफिसातल्या आवाजात नव्हतं. "आलं असतं. माझ्याच्यानं झालं नाही. सही केली की पोचली म्हणायची. तोवर वाटतं, वाटेत आहे."

मला वाटलं, आता ही बाई रडेल नाहीतर रागावेल. कोणत्या बायकोला नवऱ्यानं पहिलीची ट्रंक अशी जपलेली चालेल? तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तुमचं खरं हाय. पर हे पोरगी किती दिस वाट पाहीन? तिले कोनी सांगतलं बी नाई का वाटेत हाय." बाबांनी ताटाला नमस्कार केला आणि न जेवता उठले. ती त्यांच्या पाठीवर बोलली, "तुमी वही काढून ठेवा. आमी येतो. अंगठा मी देतो."

मालगुदामात घरच्या बायकांनी जायची रीत नव्हती. आई कधी गेली नव्हती. नवीनं तोंड धुतलं, लुगडं बदललं, कपाळावर पदर ओढला आणि माझा हात धरला. मी सोडवला नाही. भर दुपारी आम्ही क्वार्टरला वळसा घालून धक्क्यावर चढलो तेव्हा हमाल विड्या विझवून उभे राहिले. आत गूळ, घासलेट आणि तागाच्या पोत्यांचा वास कोंडला होता. बाबा टेबलामागं बसले होते, टोपी घालून, समोर वही उघडी. त्यांनी आम्हाला ओळख दिली नाही. बिल्टी हातात घेतली, वाचली, जणू आजच पाहत होते, आणि म्हणाले, "सुपडा, नग आण."

मिठाच्या पोत्यांच्या मागून सुपडानं ट्रंक आणली. तिच्यावर स्वच्छ गोणपाट घातलेलं होतं आणि धूळ नव्हती. म्हणजे कुणीतरी ती पुसत होतं. कमळाच्या दोन पाकळ्या उडाल्या होत्या. एक कोपरा चेपून आत गेला होता आणि कडी वाकली होती. सुपडानं ट्रंक टेबलासमोर ठेवली, बाबांकडे पाहिलं, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बाबूजी, नग दबला हाय. खोलून द्या लागन."

बाबांचा चेहरा उतरला. कारण नियम तोच होता आणि त्यांनीच आम्हाला शिकवला होता. दबलेला नग बंद द्यायचा नाही. घेणाऱ्यासमोर उघडायचा, एकेक वस्तू पुकारायची, यादी करायची, मग सही. याला उघडी डिलिव्हरी म्हणत. बाबांनी टाकात शाई घेतली. सुपडानं कडी सरळ केली आणि दहा पावलं मागं जाऊन, पाठ करून उभा राहिला. त्याच्याकडं पाहून बाकीचे हमालही वळले. त्या माणसांची ही अदब मी विसरलेली नाही.

वस्तू पुकारायची ती घेणाऱ्यानं. मी पुढं झाले पण माझा हात जाईना. नवीनं आपले हात पदराला पुसले, दोनदा पुसले, आणि झाकण उचललं. ट्रंकेतून कापराचा आणि आईच्या शिकेकाईचा वास आला. मी डोळे मिटले. ती एकेक काढत गेली आणि माझ्या पसरलेल्या हातांवर ठेवत गेली. "लुगडं, हिरवं, एक. लुगडं, अंजिरी, एक. चोळ्या, चार. फनी-करंड्याची पेटी, एक." तिचा आवाज बाजारात माल मोजणाऱ्या बाईसारखा खडखडीत होता. तो तसा नसता तर त्या दुपारी आम्ही तिघंही तिथं उभे राहू शकलो नसतो, असं मला आता वाटतं. बाबा लिहीत होते. मग तिच्या हातात एक लहान, लाल खणाची कुंची आली, बाळाच्या डोक्यावरची. टोकाला गोंडा अर्धाच लावलेला होता, सुई तशीच टोचलेली. बाबांचा टाक थांबला. कागदावर शाईचा ठिपका पसरायला लागला. नवीनं कुंचीतून सुई काढून आपल्या पदराला टोचली, कुंची नीट घडी केली, आणि खडखडीतच आवाजात म्हणाली, "लिवा. कुंची, एक."

बाबांनी लिहिलं.

सगळ्यात खाली एक परकर होता. जांभळा, नवाकोरा, माझा. मी दहा वर्षांची असताना शिवलेला, पण खाली एकाखाली एक तीन चुण्या घालून ठेवलेल्या, वाढत्या अंगाच्या. नवीनं तो माझ्या कमरेला लावून पाहिला. चुण्या धरून तो माझ्या गुडघ्यावर येत होता. तिनं बोटांनी चुण्या चाचपल्या. "दोन उसवल्या का बसते तुले," ती म्हणाली, "तिसरी पुढच्या सालाले ठेवू." मग बाबांकडे वळून, "परकर, एक. अन बिल्टीवर जुने कपडे काहून लिवलं? हा तं नवा हाय." बाबा म्हणाले, "पाठवणारा सांगतो ते लिहितात." मामानं ट्रंक उघडून पाहिली नव्हती. त्याच्याच्यानं झालं नसणार.

मग बाबांनी वही जवळ घेतली. सुटलेल्या मालाची ती वही सगळी इंग्रजीत. बाबांचं इंग्रजी अक्षर सुंदर होतं, एका उंचीचं, एका कलाचं. घेणाराचं नाव लिहून झालं होतं. अज्ञान, असंही लिहून झालं होतं. पुढं पालकाचं नाव त्यांनी लिहिलं, तुळसा. आणि त्यापुढच्या रकान्यावर टाक टेकवून, मान खाली घालूनच, सगळ्या गिऱ्हाइकांना विचारत त्या आवाजात त्यांनी विचारलं, "पालकाचं नातं?"

नवी बोलेना. इतका वेळ खडखडा पुकारणारी बाई, तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. पदराच्या टोकाशी तिची बोटं चाळा करत होती. तिला काय म्हणायचं होतं आणि कशाची भीती वाटत होती, हे बारा वर्षांच्या मलाही दिसत होतं. 'सावत्र' हा शब्द तिच्या जिभेवर होता आणि तो तिला स्वतःच्या तोंडानं म्हणवत नव्हता. दुसरा शब्द माझा होता. तो माझ्याशिवाय तिला कुणी देऊ शकत नव्हतं, बाबाही नाहीत.

"आई," मी म्हणाले. "लिहा, आई."

बाबांनी मान वर केली नाही. त्यांनी लिहिलं. मी उलट्या बाजूनं पाहत होते तरी वाचता आलं, कारण त्या सबंध इंग्रजी पानावर त्यांनी तो एक शब्द मराठीत लिहिला होता. मग तिचा अंगठा शाईच्या गादीवर धरला आणि त्या शब्दापुढं उठवला. "माल बरोबर? तक्रार काही?" त्यांनी विचारलं. नियमच होता तसा. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं, "माल तिचा हाय. तिले इचारा." मी म्हणाले, तक्रार नाही. बाबांनी टीपकागद दाबला, बिल्टी काढून घेऊन तारेत ओवली, आणि उठून मोठ्या काट्यामागं गेले. तिथं ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या पानावर बोट ठेवून विचारलं की हा शब्द कुठल्या भाषेतला, आणि वही इंग्रजीत लिहायची असते हे माहीत नाही का. बाबा म्हणाले, येस सर. दुरुस्त करा, साहेब म्हणाले. बाबा म्हणाले, येस सर. हे आम्हाला सुपडानं सांगितलं. चार वर्षांनी बदली झाली तेव्हा बाबांनी जुन्या वह्या नव्या बाबूच्या ताब्यात दिल्या, त्या बांधायला मी होते. मी ते पान काढून पाहिलं. शाईचा ठिपका होता, अंगठा होता, शब्द होता तसाच होता. नियम मोडला म्हणते तो हाच. ट्रंक वहीत पुढं ओढत राहिले तो नियम मी मोडलेल्यात धरत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. सुपडा ट्रंक डोक्यावर घेऊन पुढं गेला, दोन वर्षांपूर्वी गेला तसाच जपून, फक्त उलट्या दिशेनं. आम्ही दोघी मागं राहिलो. ऊन मी म्हणत होतं, धक्क्याचा दगड चटके देत होता. ती माझ्या पुढं चार पावलं, निळा अंगठा लुगड्याला लागू नये म्हणून हात दूर धरून चालली होती. लिंबाखाली आल्यावर ती थांबली. वळली नाही. तिकडं तोंड करूनच तिनं विचारलं, "कमल, ते तू कागदासाठी म्हनलं काय? साहेब येनार व्हता म्हनून?"

दुपारची जेवणं राहिली होती. बाबांचं ताट तसंच झाकलेलं असणार, आणि माझ्या वाटणीचा, तेल घातलेला ठेचा वाटीत असणार.

"भूक लागली, आई," मी म्हणाले. "चल ना."